लेखाधोरणे

लेखाधोरणे : कंपनीची वित्तीय विवरणे, म्हणजे ताळेबंद, नफातोटा पत्रक, रोख प्रवाह पत्रक आणि त्यांना जोडलेल्या टिपा तयार करताना व्यवस्थापन जी तत्त्वे स्वीकारते आणि ती ज्या रीतीने लागू करते, त्यांना लेखाधोरणे म्हणतात. मालसाठा कोणत्या भावाने धरायचा, यंत्रावर घसारा कसा आकारायचा, विक्री कोणत्या क्षणी झाली असे मानायचे, बुडीत येण्यांसाठी तरतूद केव्हा करायची, हे प्रश्न या धोरणांनी सुटतात. मराठीत लेखाधोरण, लेखांकन धोरण आणि हिशेबाचे धोरण असे तिन्ही शब्द चालतात. सी. ए.च्या कचेरीत मात्र ‘पॉलिसी’ हाच शब्द ऐकू येतो. वार्षिक अहवालात ही धोरणे बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या टिपेत एकत्र दिलेली असतात. एकाच गुदामातला तोच माल दोन प्रामाणिक हिशेबनीसांनी त्याच दिवशी मांडला, तरी ताळेबंदात त्याच्या दोन किमती येऊ शकतात आणि दोन्ही कायद्याला मान्य असू शकतात. म्हणून नफ्याचा आकडा वाचण्याआधी ही टीप वाचावी लागते.

पूर्वपीठिका : पेढीवरच्या व्यापाराला लेखी धोरणाची गरज नव्हती. रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज ज्या घरात लिहिली जाई त्याच घरातले लोक ती वाचत आणि माल कोणत्या भावाने धरायचा ही ‘पेढीची रीत’ सर्वांना तोंडपाठ असे. सांगलीच्या पेठेत दिवाळी पाडव्याला वहीपूजन होऊन नवे खाते उघडे. प्राप्तिकरासाठी १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून एप्रिल ते मार्च असे सर्वांना एकच वर्ष लागू झाले. वहीपूजन राहिले, पण हिशेबाचे वर्ष बदलले. कंपनीत भागधारक दूरचे असतात आणि कर्ज देणारी बँक परकी असते, त्यामुळे न लिहिलेली रीत त्यांना कळण्याचा मार्ग नसतो. आजच्या सांगली जिल्ह्यात कंपनीचे हे रूप शंभर वर्षांहून जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानात १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि १९२० मध्ये त्यांच्या उद्योगाची मर्यादित कंपनी झाली.

धोरणे उघड करण्याचा स्वतंत्र दंडक मात्र अलीकडचा आहे. ब्रिटनमध्ये तो १९७१ मध्ये, अमेरिकेत १९७२ मध्ये आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर १९७५ मध्ये आला. भारतीय सनदी लेखापाल संस्थेने (स्थापना १९४९) १९७७ मध्ये लेखामानक मंडळ नेमले आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये ‘लेखामानक १’ प्रसिद्ध केले. त्याचा विषय केवळ लेखाधोरणे उघड करणे हाच आहे. प्रारंभी ते शिफारसवजा होते. १ एप्रिल १९९१ वा त्यानंतर सुरू होणाऱ्या वर्षांपासून ते कंपन्यांना बंधनकारक झाले.

सावधगिरीच्या तत्त्वाचा उगम व स्थान : तोटा दिसू लागताच धरावा, नफा मात्र हाती येईपर्यंत धरू नये, हे तत्त्व या मानकांहून कितीतरी जुने आहे. मालसाठा खरेदी किंमत व बाजारभाव यांत जे कमी असेल त्याने धरावा, हा त्याचा सर्वांत ठळक नियम होय. त्याचा माग बहुतेक लेखक १६७३ च्या फ्रेंच व्यापारी कायद्याच्या काळापर्यंत काढतात. काही अभ्यासक तो चौदाव्या-पंधराव्या शतकांतील इटालियन व्यापाऱ्यांच्या वह्यांपर्यंत मागे नेतात. वहीतील एखादी घट आणि जाणीवपूर्वक पाळलेला नियम या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यामुळे सतराव्या शतकाचा पक्ष अधिक सुरक्षित वाटतो.

या तत्त्वाचे स्थान कोणते, यावरही एकमत नव्हते. १९७१ च्या ब्रिटिश मानकाने मूलभूत संकल्पना चार सांगितल्या : व्यवसाय पुढे चालू राहणार हे गृहीतक, उपार्जन (पैसे केव्हा आले-गेले ते न पाहता उत्पन्न व खर्च ज्या वर्षाचे त्याच वर्षात धरणे), सातत्य आणि सावधगिरी. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने मूलभूत गृहीतके तीनच ठेवली. सावधगिरी त्याने धोरण निवडतानाच्या कसोट्यांत घातली आणि तिच्या जोडीला ‘रूपापेक्षा आशय’ (व्यवहाराच्या कायदेशीर रूपापेक्षा त्याचे खरे स्वरूप पाहणे) व ‘महत्त्वपूर्णता’ (वाचणाऱ्याच्या निर्णयावर परिणाम करील ते सांगणे) या दोन कसोट्या ठेवल्या. भारतीय लेखामानक १ याच दुसऱ्या मांडणीने जाते. तीन गृहीतके पाळली असतील तर तसे सांगण्याची गरज नाही, मोडली असतील तर सांगावेच लागते. भारतीय मांडणी अधिक योग्य म्हणावी लागते. सावधगिरीला गृहीतकाचा मान दिला की तिच्या नावाखाली साठा मुद्दाम कमी धरणे आणि गुप्त निधी साठवणे सोपे जाते. चांगल्या वर्षी दडवलेला नफा वाईट वर्षी बाहेर काढणारा ताळेबंदही खोटाच असतो.

मालसाठा व ३१ मार्च : सांगली-साताऱ्याकडे हा विषय पुस्तकी राहत नाही, याचे कारण हंगाम. हळदीची आवक फेब्रुवारी-मार्चमध्ये भरात असते. तासगाव भागात बेदाणा याच सुमारास तयार होऊन शीतगृहांत जातो आणि उसाचा गाळप हंगाम मार्चअखेर संपत आलेला असतो. तिन्ही मालांचे साठे वर्षातील जवळपास सर्वांत मोठे असतात नेमके त्याच सुमारास वर्ष बंद होते. इतरत्र मालसाठ्याचे धोरण ही दोन ओळींची औपचारिकता असेल, पण इथे नफ्याचा मोठा हिस्सा तीच ठरवते.

मोजणीच्या दिवशी गुदामात पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. प्रत्येक थप्पीला लॉटची चिठ्ठी असते. एकजण पोती मोजतो, दुसरा वहीत उतरवतो. हळकुंड, गड्डा आणि कणी यांचे भाव वेगळे असल्याने त्यांचे साठे वेगळे मांडावे लागतात. इथवर धोरणाचा संबंध नाही. तो येतो उरलेल्या पोत्यांना कोणत्या खरेदीचा भाव लावायचा या प्रश्नापाशी. उदाहरणादाखल, एका कंपनीने एकाच प्रतीची हळद फेब्रुवारीच्या प्रारंभी १०० क्विंटल १२,००० रुपयांनी, महिनाअखेर १०० क्विंटल १३,००० रुपयांनी आणि मार्चमध्ये १०० क्विंटल १४,००० रुपयांनी घेतली आणि ३१ मार्चपर्यंत १८० क्विंटल विकली असे धरू. उरली १२० क्विंटल. आधी आलेला माल आधी गेला असे मानले, तर साठ्यात १४,००० ची १०० आणि १३,००० ची २० क्विंटल राहते आणि साठा १६,६०,००० रुपयांचा होतो. भारित सरासरीने भाव १३,००० पडतो आणि साठा १५,६०,००० रुपयांचा होतो. एकही पोते इकडचे तिकडे न होता नफ्यात एक लाखाचा फरक पडला. पुढच्या वर्षी हाच साठा प्रारंभीचा साठा म्हणून येतो आणि फरक उलटा फिरतो. नफा निर्माण होत नाही, तो एका वर्षातून दुसऱ्या वर्षात सरकतो.

आता ३१ मार्चला दलाली आणि इतर विक्रीखर्च वजा जाता हळदीचे क्विंटलला १२,८०० रुपयेच हाती येणार असतील, तर मालसाठ्याविषयीच्या लेखामानक २ नुसार दोन्ही रीतींत साठा १५,३६,००० रुपयांनीच धरावा लागतो. पडत्या बाजारात सावधगिरी दोन धोरणांतील अंतर पुसून टाकते आणि चढत्या बाजारात ते उघडे पडते. शेवटी आलेला माल आधी गेला असे मानण्याची तिसरी रीत भारतात १९९९ च्या सुधारित मानकापासून बंद आहे. साठवणीतील नेहमीची तूट उरलेल्या मालाच्या किमतीत मिसळते. पाणी शिरून माल नासला, तर ते नुकसान थेट नफातोटा पत्रकात जाते. सांगलीजवळच्या हरिपूरच्या जुन्या पेवांत (जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत) साठवलेली हळद पेव फोडल्याशिवाय मोजता येत नसे; पण तो लेखापरीक्षणातील पुराव्याचा प्रश्न आहे, धोरणाचा नाही.

साखर कारखान्यात आणखी एक गुंता असतो. बगॅस (उसाचा चोथा) आणि मळी ही उपउत्पादने मानली, तर त्यांचे निव्वळ विक्रीमूल्य साखरेच्या उत्पादन खर्चातून वजा करतात. २०१८ पासून बी-हेवी मळीपासून (जिच्यात बरीच साखर शिल्लक ठेवलेली असते अशा मळीपासून) इथेनॉल करण्यास वाव मिळाला आणि त्यासाठी साखरेचा उतारा जाणूनबुजून कमी घेतला जाऊ लागला. अशा मळीला उपउत्पादन म्हणणे अवघड आहे. ती साखरेच्या बरोबरीचे जोडउत्पादन ठरते आणि एकत्रित खर्च दोहोंत सापेक्ष विक्रीमूल्याच्या प्रमाणात वा तशाच सयुक्तिक रीतीने वाटावा लागतो. वाटपाची रीत बदलली की साखरेच्या पोत्याची किंमत बदलते.

ऊसदर : खर्च की नफावाटप : ‘रूपापेक्षा आशय’ या कसोटीचे याहून चांगले स्थानिक उदाहरण सापडणे कठीण. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १९७४ मध्ये, भार्गव आयोगाच्या शिफारशीवरून, कलम ५-अ घातले गेले. किमान दराच्या वर कारखान्याच्या उत्पन्नाशी जोडलेला अतिरिक्त दर उत्पादकाला देण्याची सोय त्यात होती. सभासदांना वर्षअखेरीनंतर मिळणाऱ्या अशा हप्त्याला हिशेबात ‘ऊस खरेदी’ म्हणायचे की सभासदांत वाटलेला नफा, हा वाद प्राप्तिकर खात्याने उपस्थित केला. तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मध्यममार्ग घेतला. अतिरिक्त दरातील जेवढा भाग नफ्याच्या वाटपाचा आहे तेवढा खर्च म्हणून वजा मिळणार नाही, उरलेला मिळेल, आणि ही फोड करण्यासाठी प्रकरणे कर अधिकाऱ्याकडे परत गेली. दरम्यान २०१५ च्या वित्त कायद्याने सरकारने ठरवलेल्या वा मान्य केलेल्या दरापर्यंतची रक्कम खर्च म्हणून धरण्याची तरतूद झाली होती. त्याआधीच्या वर्षांसाठीचा दिलासा २०२३ मध्ये आला. हे कारखाने सहकारी संस्था असल्याने कंपनी कायदा त्यांना लागू नाही, पण प्रश्न तोच आहे. ज्या शेतकऱ्याच्या हातात तो हप्ता पडतो त्याच्या लेखी ते उसाचे दाम असते आणि त्याचे म्हणणे सहज उडवून लावण्याजोगे नाही. किमान दराची पद्धत २००९-१० च्या हंगामापासून जाऊन ‘एफआरपी’ (रास्त व किफायतशीर दर) आली. महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने साखर व उपउत्पादनांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा (केवळ साखर धरल्यास ७५ टक्के) उसाच्या दरासाठी ठरवला. अंतिम हिशेब हंगामानंतर होत असल्याने ३१ मार्चचे देणे अंदाजानेच धरावे लागते.

धोरण, अंदाज व बदल : धोरण दरवर्षी बदलता येत नाही. कायद्याने वा मानकाने भाग पाडले, किंवा बदलाने विवरणे अधिक यथार्थ होत असतील, तरच ते बदलता येते आणि बदलाचा परिणाम आकड्यात सांगावा लागतो. अंदाज, जसे यंत्र किती वर्षे टिकेल, मात्र नव्या माहितीनुसार बदलतच असतो. दोहोंमधील सीमारेषा सरकती आहे. घसारा सरळ रेषेने (दरवर्षी सारखाच) की घटत्या शिलकीवर (दरवर्षी उरलेल्या किमतीवर), ही निवड पूर्वी धोरण मानली जाई. २०१६ च्या सुधारित लेखामानक १० नुसार त्या पद्धतीतील बदल हा अंदाजातील बदल ठरतो आणि त्याचा परिणाम पुढच्या वर्षांवरच पडतो. मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या ‘इंड एएस’ (इंडियन अकाउंटिंग स्टँडर्ड्स) मालिकेत (२०१५ चे नियम, पहिला टप्पा १ एप्रिल २०१६) धोरणातील बदल सहसा मागील वर्षांपासून लागू करून जुने आकडे नव्याने मांडावे लागतात. १ एप्रिल २०२३ पासून या मालिकेत ‘लक्षणीय लेखाधोरणे’ याऐवजी ‘लेखाधोरणांची महत्त्वपूर्ण माहिती’ द्यावी लागते. मानकाची वाक्ये जशीच्या तशी उतरवून पाने भरण्याची सवय मोडावी, हा त्यामागील हेतू आहे आणि तो अगदी रास्त आहे.

ताळेबंदाच्या तारखेनंतरच्या घटनांचाही येथे उल्लेख हवा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा ३१ मार्च २०१९ चे अनेक ताळेबंद अद्याप मंजूर व्हायचे होते. गुदामातील माल बुडाला तरी त्या ताळेबंदातील साठ्याचा आकडा बदलत नाही, कारण ३१ मार्चला माल कोरडा होता. लेखामानक ४ नुसार अशा घटनेची माहिती संचालकांच्या अहवालात येते, इंड एएस १० नुसार टिपांत. व्यवसायच पुढे चालू राहणार नाही अशी स्थिती आली, तर मात्र सगळा ताळेबंद नव्या पायावर मांडावा लागतो.

कायदेशीर चौकट : कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशेब उपार्जन तत्त्वावर व द्विनोंदी पद्धतीने (प्रत्येक व्यवहार नावे व जमा अशा दोन्ही बाजूंना लिहून) ठेवावे लागतात. मानके पाळणे कलम १२९ व १३३ नुसार बंधनकारक आहे. मानकापासून फारकत घेतली, तर ती, तिचे कारण आणि तिचा आर्थिक परिणाम सांगावा लागतो. धोरणे आम्ही निवडली व सातत्याने पाळली, असे संचालकांना कलम १३४ खाली लिहून द्यावे लागते. ही जबाबदारी लेखापरीक्षकाची नाही, हे अनेक छोट्या कंपन्यांच्या संचालकांना सही करतानाही ठाऊक नसते. प्राप्तिकरासाठी उत्पन्न-गणनेची वेगळी मानके २०१७-१८ या करनिर्धारण वर्षापासून लागू आहेत. त्यांतील पहिले मानक लेखाधोरणांचेच आहे, पण सावधगिरीची कसोटी त्यातून वगळली आहे. त्यामुळे ताळेबंदात धरलेला संभाव्य तोटा कराच्या हिशेबात, अन्य मानकाने मुभा दिल्याशिवाय, धरता येत नाही. चुकीची नोंद धोरणाच्या टिपेत उघड केली म्हणून बरोबर ठरत नाही, असे लेखामानक १ स्पष्ट सांगते.