दत्ता, नेओमी

दत्ता, नेओमी : (१७ सप्टेंबर १९२२ – ३० नोव्हेंबर २००८). ब्रिटिश वैद्यक-सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुण एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे, जातीची सीमा ओलांडूनही, कसा जातो यावरील संशोधनासाठी प्रसिद्ध. माहेरचे आडनाव गॉडर्ड. जीवरसायनशास्त्रज्ञ प्रकाश दत्ता हे त्यांचे पती. वैद्यकीय शिक्षण लंडनमध्ये झाले व पुढील बहुतेक संशोधन हॅमरस्मिथ रुग्णालयाशी संलग्न रॉयल पोस्टग्रॅज्युएट मेडिकल स्कूलमध्ये.

१९५९ मध्ये या रुग्णालयात साल्मोनेला टायफीम्यूरियम या आतड्याचा विकार घडवणाऱ्या जीवाणूची साथ आली. दत्ता यांनी साथीतील ३०९ संवर्धे (प्रयोगशाळेत वाढवलेले जीवाणूंचे नमुने) तपासली. त्यांपैकी २५ औषधरोधक, म्हणजे औषधांना दाद न देणारी, निघाली. साथीच्या आरंभीची संवर्धे मात्र औषधांना बळी पडणारी होती. म्हणजे रोध साथ चालू असतानाच आला होता. रोधक साल्मोनेला आणि आतड्यातील इतर जीवाणू एकत्र वाढवल्यावर रोध त्या जीवाणूंतही उतरतो, असे त्यांनी दाखवले. हा निबंध १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला.

या शोधाच्या अग्रक्रमाविषयी मतभेद दिसतात. जपानमध्ये आमांशाचे शिगेला जीवाणू स्ट्रेप्टोमायसीन, टेट्रासायक्लीन, क्लोरँफेनिकॉल व सल्फोनामाइडे या सर्वांना एकाच वेळी दाद देईनासे झाल्याचे १९५५ च्या सुमारापासून आढळू लागले होते. चार स्वतंत्र उत्परिवर्तने एकाच जीवाणूत एकदम होणे जवळजवळ अशक्य, हे तेथील संशोधकांनी ओळखले. ओचियाई व अकिबा यांच्या गटांनी १९५९ मध्ये रोधाचे संक्रमण स्वतंत्रपणे दाखवले. पण हे लेखन जपानी भाषेत असल्याने पाश्चात्त्य जगात ते प्रामुख्याने त्सुतोमू वातानाबे यांच्या १९६३ च्या समीक्षालेखामुळे पोहोचले. त्यामुळे मूळ शोधाचे श्रेय जपानी संशोधकांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. एका रुग्णालयातील एकाच साथीत, कालक्रमासह, हा प्रकार पकडण्याचे श्रेय दत्ता यांचे.

१९६५ मध्ये दत्ता व कोंतोमिखालू यांनी अँपिसिलीन निकामी करणाऱ्या विकराची (एन्झाइमाची) माहितीही अशाच संक्रमणक्षम घटकावर असते असे दाखवले. अथेन्समधील रुग्णाच्या नावावरून त्या विकराला ‘टेम’ म्हणतात. पुढील काळात त्याचे शंभराहून अधिक प्रकार नोंदले गेले.

हे संक्रमणक्षम घटक म्हणजे प्लाझ्मिडे, गुणसूत्राबाहेरील स्वयंजननक्षम (स्वतःच्या प्रती काढणारे) डीएनए. त्यांचे वर्गीकरण हे दत्ता यांचे सर्वांत टिकाऊ काम म्हणता येईल. रोध कोणत्या औषधांना आहे यावरून प्लाझ्मिड ओळखता येत नाही, कारण रोधजनुके एका प्लाझ्मिडावरून दुसऱ्यावर उडी घेतात. त्यांच्याच विभागातील हेजेस व जेकब यांनी १९७४ मध्ये अशा खंडांना ‘ट्रान्सपोझॉन’ हे नाव दिले. म्हणून दत्ता व हेजेस यांनी विसंगतीचा निकष घेतला. ज्यांचे स्वजननाचे नियंत्रण सारखे, ती दोन प्लाझ्मिडे एका पेशीवंशात दीर्घकाळ नांदत नाहीत. परिचित प्लाझ्मिड असलेल्या ई. कोलाय या आतड्यातील जीवाणूमध्ये नवे प्लाझ्मिड सोडायचे, ज्या औषधाला नवे प्लाझ्मिड रोध देते ते माध्यमात घालून वसाहती निवडायच्या आणि त्यांत जुन्याचा रोध शिल्लक आहे का ते पाहायचे; तो नाहीसा झाला तर दोन्ही एका गटातील. काम कंटाळवाणे, पण निकाल स्वच्छ. या गटांची एन, डब्ल्यू, पी इत्यादी अक्षरनामे आजही जनुकसंच वाचताना वापरली जातात, जरी आता ओळख डीएनएच्या क्रमावरून पटवतात.

प्लाझ्मिडे प्रतिजैविकांमुळे निर्माण झाली की आधीपासून होती, हा प्रश्न दत्ता व व्हिक्टोरिया ह्यूझ यांनी १९८३ मध्ये ई. जी. डी. मरी यांच्या १९१७ ते १९५४ या काळातील जीवाणू-संग्रहावर तपासला. सुमारे २४ टक्के वाणांत डीएनए दुसऱ्या जीवाणूला देण्याची क्षमता आढळली. किमान १९ टक्के वाणांतून रोधविरहित प्लाझ्मिडे ई. कोलायमध्ये उतरवता आली. विसंगती-गटही आजचेच होते. म्हणजे वाहक जुने, त्यांवरील रोधजनुकांचा भार नवा. संग्रहाची उत्तर मर्यादा १९५४ असल्याने ‘प्रतिजैविकपूर्व’ हे विशेषण सैलपणे घ्यावे लागते, पण त्याने मूळ निष्कर्षाला बाध येत नाही. रोधजनुके मुळात कोठून आली हा वेगळा प्रश्न. प्रतिजैविके तयार करणाऱ्या मृदेतील जीवाणूंकडे बोट दाखवणारे बेनव्हेनिस्टे व डेव्हिस यांचे मत (१९७३) काही जनुकांपुरते तरी ग्राह्य धरले जाते.

१९८५ मध्ये दत्ता रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या.