राजापूरचे प्राध्यापक खासदार आणि कोकण रेल्वेचे महामंडळ

कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्र सरकारने 2025 मध्ये संमती दिली आणि जुना सवाल पुन्हा वर आला: मुळात वेगळे महामंडळ काढले कशाला? उत्तरासाठी प्रा. मधु दंडवते यांच्या कारकिर्दीकडे जावे लागते.

मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवत. 1955 च्या गोवा सत्याग्रहात होते. आधीचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांच्या निधनानंतर 1971 मध्ये त्यांनी राजापूरची जागा जिंकली आणि सलग पाच निवडणुका राखली. आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात राहिले आणि 1977 मध्ये रेल्वेमंत्री झाले. 1974 च्या संपात नोकरी गेलेल्या कामगारांना त्यांनी परत घेतले. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांचा फोम आला तोही त्यांच्याच काळात. त्याआधी पाठीखाली वळकटी अंथरल्याशिवाय रात्र निघत नसे. ही गादी मतदारसंघातल्या लोकांना मात्र वीस वर्षे मिळाली नाही. ते रात्रभर एसटीतच घाट उतरत होते.

किनाऱ्याच्या रेल्वेची मागणी फार जुनी. पण रेल्वेच्या अर्थसंकल्पातून दरवर्षी चिमूटभर रक्कम सुटे. आपटा ते रोहा एवढा टप्पा पुरा व्हायलाच 1986 उजाडले. त्या गतीने मंगळूर गाठायला किती पिढ्या लागल्या असत्या?

1989 च्या अखेरीस दिल्लीत सरकार बदलले आणि योग जुळला. रेल्वेमंत्री मंगळूरचे, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष उत्तर कन्नडमधले आणि अर्थमंत्री राजापूरचे हे प्राध्यापक. जुलै 1990 मध्ये महामंडळ स्थापन झाले. भांडवलात रेल्वेचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळचे प्रत्येकी 6. उरलेला पैसा कर्जरोख्यांतून.

वाद आहे तो इथेच. कर्जावर व्याज चढले, ते फेडायचे म्हणून भाडे ठरवताना अंतर 40 टक्क्यांनी वाढवून धरले गेले. म्हणजे शंभर किलोमीटर गेलात तर पैसे एकशेचाळीसचे. इतर राज्यांतले प्रवासी देत नाहीत तो भार आम्हीच का सोसायचा, हा कोकणी माणसाचा सवाल रास्तच आहे. तरीही त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, असे माझे ठाम मत आहे. साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा वार्षिक तरतुदीच्या भरवशावर खणला गेला नसता. अर्थमंत्र्यांनी रोख्यांची वाट मोकळी केली, म्हणून आठ वर्षांच्या आत गाडी धावली. कोकणात श्रेय वाटताना आंदोलने आठवतात, अभियंते आठवतात, पैशाची ही जोडणी मागे पडते.

'कोकण रेल्वे' या शब्दानेही घोळ होतो. लोक तो मार्गासाठी वापरतात, सरकारी कागद कंपनीसाठी. त्यामुळे विलीनीकरण म्हणताच काहींना कोकणची ओळख पुसली जाईल असे वाटते. विलीन व्हायची आहे ती कंपनी, रूळ जागच्या जागीच राहणार आहेत.

1991 मध्ये राजापूरने प्राध्यापकांना हरवले. 26 जानेवारी 1998 रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला तेव्हा ते खासदार नव्हते. 2005 मध्ये त्यांचे निधन झाले. 2008 च्या पुनर्रचनेत राजापूर हा लोकसभा मतदारसंघही राहिला नाही. आता गणपतीला गावी निघणाऱ्या चाकरमान्यांचे लक्ष एकाच गोष्टीकडे आहे: विलीनीकरणानंतर तिकिटातले ते वाढीव अंतर जाते की नाही.