स्पॅनिशमधले दोन ‘आहे’: सेर आणि एस्तार

‘मी विद्यार्थी आहे’ आणि ‘मी घरी आहे’. मराठीत दोन्हीकडे ‘आहे’ एकच. स्पॅनिशमध्ये मात्र पहिलं वाक्य ‘सोय एस्तुदियान्ते’ होतं आणि दुसरं ‘एस्तोय एन कासा’. पहिल्यातलं क्रियापद सेर, दुसऱ्यातलं एस्तार. नव्याने शिकणारा इथे हमखास अडखळतो. रूपं पाठ होतात, पण कुठे कोणतं वापरायचं ते उमगत नाही.

रूपं आधी पाहून घेऊ. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने सेर असं चालतं: सोय, एरेस, एस, सोमोस, सोइस, सोन. आणि एस्तार असं: एस्तोय, एस्तास, एस्ता, एस्तामोस, एस्ताइस, एस्तान. ‘कुठे आहेस?’ विचारताना आपण ‘तू’ म्हणत नाही, क्रियापदातला ‘स’ ते काम करतो. ‘एरेस’ आणि ‘एस्तास’मधला ‘स’ही तेच करतो, म्हणून ‘मी’साठीचा ‘यो’ किंवा ‘तू’साठीचा ‘तू’ (हो, शब्द तोच आहे) दर वाक्यात लावू नका. आदराने ‘उस्तेद’ म्हटलं की रूप ‘तो’चं: एस, एस्ता.

सेरची रूपं घोकण्यावाचून इलाज नाही. एस्तारची मात्र समजून घ्यावीत, कारण त्यांचे शेवट पुढे सतत भेटतात. आब्लार म्हणजे बोलणे: आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. शेपटं तीच. फक्त ‘मी’चं रूप ‘आब्लो’ होतं आणि आघाताची जागा काही रूपांत बदलते. आघात हलका घेऊ नका. ‘एस्ता’ उच्चारताना जोर ‘ता’वर दिला तर ‘आहे’, ‘एस्’वर दिला तर ‘ही’.

आता खरा प्रश्न. ‘कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार’ हा नियम सगळीकडे सांगितला जातो. तो सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. माद्रिद स्पेनमधून हलणार नाही, तरी ‘माद्रिद एस्ता एन एस्पान्या’. मृत्यूइतकं कायमचं काही नाही, तरी ‘एस्ता मुएर्तो’. उलट तीन वाजणं क्षणाचं, पण तिथे ‘सोन लास त्रेस’, म्हणजे सेर.

त्यापेक्षा आपल्याच भाषेतले दोन शब्द धरा: स्थान आणि स्थिती. वस्तू कुठे आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, ही दोन्ही कामं एस्तारची. ही जुळणी ओढूनताणून आणलेली नाही. एस्तार लॅटिनमधल्या ‘स्तारे’वरून, म्हणजे ‘उभे राहणे’वरून आलं, आणि ‘स्तारे’ व संस्कृत ‘स्था’ हे एकाच मूळ धातूचे वंशज. सेरची ‘एस’ आणि ‘सोन’ ही रूपं लॅटिन ‘एस्त’ आणि ‘सुन्त’मधून उतरली. त्यांची संस्कृत भावंडं ‘अस्ति’ आणि ‘सन्ति’. कोण आहे, काय आहे, कुठला आहे, कसल्या स्वभावाचा आहे, ते सेर सांगतं.

विशेषण तेच ठेवून क्रियापद बदललं की फरक लख्ख दिसतो. ‘एस आबुर्रिदो’ म्हणजे तो कंटाळवाणा आहे. ‘एस्ता आबुर्रिदो’ म्हणजे तो कंटाळला आहे. ‘एस लिस्तो’ हुशार, ‘एस्ता लिस्तो’ तयार. फळाबद्दल ‘एस बेर्दे’ म्हटलं तर रंगाने हिरवं, ‘एस्ता बेर्दे’ म्हटलं तर अजून पिकलेलं नाही. मराठी इथे विशेषण बदलते, स्पॅनिश क्रियापद बदलते.

स्थानाच्या नियमाला एक अपवाद आहे. समारंभ, बैठक, सामना कुठे आहे हे सांगायला सेर लागतं: ‘ला फिएस्ता एस एन मि कासा’, मेजवानी माझ्या घरी आहे. ‘आहे’च्या जागी ‘होणार आहे’ घालून पाहा. ‘मेजवानी घरी होणार आहे’ चालतं, म्हणून सेर. ‘पुस्तक टेबलावर होणार आहे’ चालत नाही, म्हणून एस्तार.

मराठी माणसाला आणखी एक मोह होतो. आपल्याकडेही ‘आहे’ आणि ‘असतो’ अशी जोडी आहे, मग ‘असतो’ म्हणजे सेर आणि ‘आहे’ म्हणजे एस्तार असं समीकरण मनात तयार होतं. ‘साखर गोड असते’ला सेर लागतं, तेव्हा ते पटतंही. पण ‘तो सकाळी घरी असतो’ हे ‘पोर ला मान्याना एस्ता एन कासा’. रोजची सवय असली तरी प्रश्न ‘कुठे’चाच, म्हणून एस्तार.