स्पर्धाभंगाच्या सामूहिक दाव्यांतील सांख्यिकीय पुरावा

कंपन्यांनी संगनमताने भाव चढवले, तर एकेका ग्राहकाचे नुकसान सहसा इतके किरकोळ असते की त्यासाठी कोणी एकटा कोर्टाची पायरी चढत नाही. अशा हजारो ग्राहकांच्या वतीने चालणाऱ्या दाव्यात नुकसान कोणाचे झाले आणि किती, हे आकडेवारीच्या विश्लेषणातून दाखवतात, तो हा पुरावा. त्याचे माहेरघर अमेरिका. तिथे १९१४ च्या क्लेटन कायद्यानुसार नुकसानीच्या तिप्पट भरपाई मिळू शकते. मात्र भरपाईचा असा सामूहिक दावा चालवायचा, तर दिवाणी प्रक्रियेच्या नियम २३ प्रमाणे आधी न्यायालयाची मान्यता लागते. गटातील सर्वांना समान असलेले प्रश्न ज्याच्या-त्याच्या वेगळ्या प्रश्नांपेक्षा वरचढ आहेत, हे त्यासाठी पटवावे लागते. खरी झुंज इथेच होते. मान्यता मिळाली की बहुतेक प्रतिवादी तडजोडीची भाषा बोलू लागतात.

संगनमत नसते तर भाव किती राहिला असता, हे कोणी पाहिलेले नसते. तो भाव हिशेबाने उभा करावा लागतो. त्यासाठी अर्थतज्ज्ञ संगनमताच्या काळातील व्यवहार त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या व्यवहारांशी ताडून पाहतात आणि कच्चा माल, मागणी यांचा परिणाम रिग्रेशनच्या (समाश्रयणाच्या), म्हणजे प्रत्येक घटकाचा भावावरचा परिणाम वेगळा मोजणाऱ्या सांख्यिकी पद्धतीच्या साहाय्याने बाजूला काढतात. यातून जो जादा भाव उरतो, तो संगनमताच्या खात्यावर मांडला जातो.

डबाबंद ट्यूना माशाचा खटला याचे उत्तम उदाहरण आहे. बम्बल बी, स्टारकिस्ट आणि चिकन ऑफ द सी या तीन ब्रँडांच्या हाती अमेरिकेतील ८० टक्क्यांहून अधिक ब्रँडेड डबाबंद ट्यूनाचा बाजार होता. बम्बल बी आणि स्टारकिस्ट यांनी भाव ठरवल्याचा गुन्हा फौजदारी खटल्यात कबूल केला होता, तेव्हा संगनमत झाले का, हा वाद फारसा उरला नव्हता. थेट खरेदीदारांच्या, म्हणजे कंपन्यांकडून थेट माल घेणाऱ्यांच्या तज्ज्ञाने सर्वांचे व्यवहार एकाच मॉडेलमध्ये, म्हणजे अशा हिशेबाच्या एकाच सांख्यिकीय मांडणीत घालून सरासरी १०.२८ टक्के जादा भाव काढला आणि ९४.५ टक्के खरेदीदारांनी निदान एकदा तरी जादा पैसे मोजल्याचे दाखवले. कंपन्यांच्या तज्ज्ञाने तेच मॉडेल ग्राहकवार चालवले आणि २८ टक्के खरेदीदारांबाबत सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय (निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असे) नुकसान दिसत नाही, असे सांगितले. वरवर हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण ज्या दुकानदाराच्या खरेदीच्या नोंदी मोजक्याच आहेत, त्याच्या आकड्यांतून लक्षणीय काही निघणे मुळातच अवघड. नुकसान दिसले नाही आणि नुकसान झालेच नाही, या दोन गोष्टी वेगळ्या. नवव्या परिमंडळाच्या (परिमंडळ म्हणजे एका संघीय अपील न्यायालयाचा प्रदेश) अपील न्यायालयाने २०२२ मध्ये विस्तृत पीठापुढे गटाची मान्यता कायम केली आणि कोणत्या तज्ज्ञाचे म्हणणे अधिक पटते हे ज्यूरीवर सोडले.

मॉडेल नेहमीच तरते असे नाही. रेल्वे मालवाहतुकीच्या इंधन अधिभाराच्या (इंधनापोटी भाड्यावर लावलेल्या जादा आकाराच्या) खटल्यात ते भलतेच संवेदनशील निघाले. ज्या ग्राहकांचे दर संगनमताच्या आधीच्या करारांनी बांधलेले होते, त्यांनाही त्याने नुकसानग्रस्त ठरवले. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने २०१३ मध्ये नेमके यावर बोट ठेवले. पुढे मान्यता नाकारली गेली आणि २०१९ मध्ये अपिलात तो निर्णय कायम झाला, तेव्हा वादींच्याच मॉडेलप्रमाणे २,०३७ ग्राहक, म्हणजे गटातील १२.७ टक्के, नुकसानीबाहेर राहत होते.

कॉमकास्ट या केबल कंपनीवरील खटल्यातील (२०१३) दोष मात्र गणिताचा नव्हता. फिलाडेल्फियातील केबल ग्राहकांनी नुकसानीची चार कारणे मांडली. न्यायालयाने एकच ग्राह्य धरले. तज्ज्ञाचा सुमारे ८७.५ कोटी डॉलरचा आकडा मात्र चारही कारणांचा एकत्रित होता आणि त्यातून एकाचा वाटा वेगळा काढता येत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी गट अमान्य केला. तेव्हापासून दाव्यातील आरोप आणि मॉडेल मोजते ती गोष्ट यांचा मेळ बसतो का, हे आधी पाहिले जाते.

नुकसान न झालेले सदस्य गटात किती चालतील, यावर परिमंडळांचे एकमत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न लॅबकॉर्प या वैद्यकीय चाचण्या करणाऱ्या कंपनीच्या एका वेगळ्या, अपंगांच्या हक्कांशी संबंधित खटल्यात हाती घेतला होता. जून २०२५ मध्ये निर्णय न देताच तो सोडून दिला.