व्हल्नरेबल (इंग्रजी विशेषण)

व्हल्नरेबल : इजा, हल्ला, फसवणूक, रोग किंवा आपत्ती यांची झळ ज्याला सहज पोचू शकते, अशी व्यक्ती, समूह, जागा वा व्यवस्था यांसाठी वापरले जाणारे इंग्रजी विशेषण. मराठीत असुरक्षित, भेद्य, दुर्बल असे प्रतिशब्द प्रसंगानुसार दिले जातात, पण यांपैकी एकही सगळीकडे चालत नाही. मुंबईत हा शब्द पावसाळ्यातल्या बातम्यांत, महापालिकेच्या अहवालांत, न्यायालयात आणि संगणक-सुरक्षेच्या सूचनांत भेटतो. मराठीतून विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्याकडून तो ठरावीक जागी चुकतो.

शब्दाचे मूळ लॅटिन ‘वुल्नुस’ म्हणजे जखम. गंमत अशी की उत्तरकालीन लॅटिनमधील ‘वुल्नेराबिलिस’चा अर्थ ‘जखम करणारे’ असा होता. इंग्रजीत सतराव्या शतकाच्या आरंभी आलेला शब्द मात्र ‘जखम होऊ शकेल असा’ या अर्थाने रुजला. दुर्योधनाचे अंग वज्राचे झाले आणि मांडी तेवढी कच्ची राहिली, या लोकप्रिय कथेत ती मांडी व्हल्नरेबल. भीमाची गदा नव्हे.

बहुतेक चुका इथेच होतात. हे विशेषण घाव सोसणाऱ्याला लागते, घाव घालणाऱ्याला नाही. मराठीतला ‘धोका’ दोन्हीकडे फिरतो : ‘दादरच्या हिंदमाता परिसराला पाण्याचा धोका आहे’, ‘पावसाचा मुंबईला धोका आहे’. त्यामुळे ‘हेवी रेन इज व्हल्नरेबल फॉर मुंबई’ असे वाक्य तयार होते आणि इंग्रजी वाचणाऱ्याला वाटते की बिचाऱ्या पावसालाच काहीतरी होणार आहे. बरोबर वाक्य : ‘मुंबई इज व्हल्नरेबल टू हेवी रेन’. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्याला जेमतेम ७३. अशा वेळी ‘सम एरियाज आर मोअर व्हल्नरेबल टू फ्लडिंग दॅन अदर्स’ हे वाक्य अचूक बसते. महापालिकेच्या २०२२ च्या हवामान कृती आराखड्यातही हा शब्द याच अर्थाने येतो : कोणत्या वस्तीला पूर, उष्णता, दरड यांची झळ जास्त बसेल, याचा तो हिशेब असतो.

पावसाळ्याआधी जाहीर होणाऱ्या ‘धोकादायक इमारतीं’ना इंग्रजीत ‘व्हल्नरेबल बिल्डिंग’ म्हटले की अर्थ पातळ होतो. ती इमारत इतरांच्या जिवावर उठणारी आहे, म्हणून ‘डेंजरस’ किंवा ‘डिलॅपिडेटेड’ (मोडकळीस आलेली). व्हल्नरेबल आहेत ते तिच्यात राहणारे भाडेकरू. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्याचे उदाहरण याहून चांगले. आरेतल्या पाड्यांवरच्या माणसाला बिबट्या डेंजरस वाटतो, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत (कोणती प्रजाती नामशेष होण्याच्या किती जवळ आहे, हे सांगणारी यादी) तोच बिबट्या ‘व्हल्नरेबल’ आहे. दोघेही शब्द बरोबर वापरतात. त्या यादीत ही पारिभाषिक श्रेणी आहे : ‘निअर थ्रेटन्ड’च्या वर, ‘एन्डेंजर्ड’च्या खाली. म्हणून वाघाबद्दल लिहिताना ‘व्हल्नरेबल’ घातले तर ती वस्तुस्थितीची चूक ठरते, कारण वाघ ‘एन्डेंजर्ड’ आहे.

शब्दयोगी अव्यय ‘टू’. ‘पुरापासून सुरक्षित’ या मराठी घडणीवरून ‘व्हल्नरेबल फ्रॉम फ्लड’ येते, ‘पुराचा धोका’वरून ‘ऑफ’ येते. दोन्ही चूक. मराठीतली ‘फसवणुकीला बळी पडणारा’ ही रचना मनात धरली तर ‘ला’च्या जागी ‘टू’ आपोआप बसतो. हा ‘टू’ क्रियापदाचा नव्हे, त्यामुळे पुढे नाम किंवा ‘इंग’कारान्त रूपच हवे : ‘सीनियर सिटिझन्स आर व्हल्नरेबल टू बीइंग चीटेड’. ‘टू बी चीटेड’ नाही.

धोका कशाचा हे उघड असेल किंवा सांगायचे नसेल तर ‘टू’ गळतो. ‘व्हल्नरेबल चिल्ड्रन’, ‘शी फेल्ट व्हल्नरेबल’. ‘द व्हल्नरेबल’ असा नामासारखा वापर अनेकवचनीच असतो, एका माणसाला ‘अ व्हल्नरेबल’ म्हणत नाहीत. न्यायालयात ‘व्हल्नरेबल विटनेस’ ही संज्ञा आहे. तिची व्याप्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, लहान मुलांपलीकडे नेली आणि लैंगिक अत्याचाराचे बळी, मानसिक आजार किंवा अपंगत्व असलेले साक्षीदार यांनाही तीत घेतले. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातील जमाती ‘पर्टिक्युलरली व्हल्नरेबल’ आदिवासी गटांत मोडतात. २००६ पर्यंत तिथे ‘प्रिमिटिव्ह’ हा शब्द होता. तो गेला हे बरेच झाले. याउलट शाळाप्रवेशाच्या किंवा घराच्या अर्जातला ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक’ मात्र ‘इकॉनॉमिकली वीकर सेक्शन’च, तिथे व्हल्नरेबल घालू नये.

जवळच्या शब्दांत ‘प्रोन’ वारंवार घडण्याकडे बोट दाखवतो (फ्लड-प्रोन रस्ता), ‘ससेप्टिबल’ रोग वा प्रभाव लवकर लागण्याकडे. ‘वीक’ तर वेगळाच : भक्कम बँकेचा सर्व्हरही एका जुन्या सॉफ्टवेअरमुळे व्हल्नरेबल असू शकतो. ‘व्हेनरेबल’ म्हणजे पूजनीय. सत्काराच्या भाषणात ज्येष्ठ पाहुण्यांना ‘अवर व्हल्नरेबल गेस्ट’ म्हणण्याचा प्रसंग शक्यतो टाळावा. विरुद्धार्थी शब्द ‘इन्व्हल्नरेबल’, ‘अनव्हल्नरेबल’ नव्हे. तुलना ‘मोअर’, ‘मोस्ट’ लावून होते. उच्चारात आघात पहिल्या अक्षरावर (‘व्हल्’) असतो, आणि पहिला ‘ल’ बोलताना पुष्कळदा गिळला जातो, पण लिहिताना गिळता येत नाही.

अलीकडे समुपदेशनाच्या भाषेतून आणखी एक वापर रूढ झाला आहे : मनातली भीती किंवा दुःख कोणापुढे तरी उघडे करणे. इथे शब्द चक्क कौतुकाचा होतो आणि ‘टू’ऐवजी ‘विथ’ येतो, ‘ही कॅन बी व्हल्नरेबल विथ हर’. मुंबईच्या कॉलेजांत ‘मी त्याच्यासमोर व्हल्नरेबल झाले’ असे सर्रास ऐकू येते. ‘मन मोकळं केलं’ यात ते बहुतेक येते, फक्त दुखावले जाण्याची जोखीम त्यात उतरत नाही.

पत्त्यांच्या ब्रिज या खेळातला अर्थ याहून निराळा. रबर ब्रिजमध्ये (तीनपैकी दोन गेम जिंकणारी जोडी रबर जिंकते, असा प्रकार) एक गेम जिंकलेली जोडी ‘व्हल्नरेबल’ ठरते. तिने बोली (आपण किती हात करू, हे आधी सांगणे) चुकवली तर दंड जास्त बसतो, आणि मोठी बोली पुरी केली तर बक्षीसही जास्त. लोकलच्या डब्यात मांडीवर बॅग ठेवून रमी खेळणाऱ्यांना हे लागू नाही.