हुगळीचा गाळ आणि कोलकात्याच्या खुणा

हावडा स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच फेरीबोटींचा धक्का लागतो. कोलकात्याला जाल तेव्हा टॅक्सीच्या रांगेत शिरण्याआधी पाच मिनिटं त्या धक्क्यावर उभे राहा आणि हुगळीच्या पाण्यावरची जलपर्णी बघा. भरतीची वेळ असेल तर हिरवे झुपके उत्तरेकडे, म्हणजे हिमालयाच्या दिशेनं चाललेले दिसतील. समुद्र दक्षिणेला आणि नदी निघालीय उत्तरेला! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आपलाच दिशांचा घोळ झाला असं वाटून मी फोनवर नकाशा उघडला होता. घोळ काहीच नव्हता. तीन-चार तास थांबलो असतो तर तेच झुपके परत येताना दिसले असते.

बंगालचा उपसागर इथून सुमारे २०० किलोमीटर दूर आहे, तरी त्याची भरती शहराच्या मधोमध पोचते. फेरीबोटीचा धक्कासुद्धा म्हणूनच तरंगता असतो. किनाऱ्याला बिजागरीनं जोडलेल्या पुलावरून तुम्ही त्यावर जाता. हा पूल सकाळी सपाट असेल तर दुपारी जिन्यासारखा उतरता झालेला असतो. डोक्यावर फुलांची टोपली घेतलेला हमाल तो उतार न बघता उतरतो, आपण मात्र कठडा धरून.

कोकणातल्या खाड्यांच्या काठी वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. उधाण म्हणजे मोठी भरती आणि भांग म्हणजे लहान, हे शब्द त्यांच्या घरचेच. पण हुगळीची एक खोड वेगळी आहे. तिची भरती थोडक्या वेळात जोरात आत घुसते आणि ओहोटी रेंगाळत, हळू हळू उतरते. पाण्याचा वेग वाढला की गाळ उचलण्याची त्याची ताकद वेगाच्या मानानं कितीतरी जास्त वाढते. म्हणजे येताना पाणी मुखाकडचा गाळ उचलून आणतं आणि जाताना तेवढा परत नेण्याचं बळ त्याच्यात उरत नाही. त्यात भर खाऱ्या पाण्याची. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. खारं पाणी मिसळलं की त्यातले आयन हा भार झाकतात, कण एकमेकांना चिकटतात, गोळे होतात आणि तळाला बसतात. दूध नासावं तसं.

हा गाळ धुऊन काढायला वरून गोड्या पाण्याचा रेटा लागतो. हुगळी हा गंगेचाच फाटा, त्यामुळे पूर्वी तो होता. पुढे गंगेचा मुख्य प्रवाह पूर्वेला, आजच्या बांगलादेशातल्या पद्मेकडे वळत गेला आणि हुगळीच्या वाट्याला पावसाळा सोडला तर थोडंच पाणी उरलं. भारतातलं नदीवरचं एकमेव मोठं बंदर नेमकं याच नदीवर आहे. या काठावरच्या प्रसिद्ध वास्तू बघताना मला तर प्रत्येकीच्या मुळाशी हाच गाळ दिसतो.

हावड्याचा पूलच घ्या. आज आपण बघतो त्याच्याआधी, १८७४ पासून, इथे तराफ्यांवर तरंगणारा पूल होता. ब्रॅडफर्ड लेस्ली या अभियंत्यानं तो बांधला. भरती-ओहोटीबरोबर पूल वरखाली व्हायचा, त्यामुळे दोन्ही टोकांचे उतार सतत बदलायचे. भरल्या बैलगाडीला ओहोटीच्या वेळी पुलावरून काठावर चढणं म्हणजे घाटच. जहाज आलं की मधला २०० फुटांचा भाग बाजूला काढायचा आणि तोवर दोन्ही काठांवर सगळी वाहतूक खोळंबायची. नवा पूल हवा हे सगळ्यांना पटलं होतं. पण पात्रात खांब रोवले तर प्रवाह अडतो, खांबामागे पाणी मंदावतं आणि मंदावलेल्या पाण्यात गाळ बसतो. आधीच गाळानं बेजार झालेल्या बंदराला ते परवडणारं नव्हतं.

उत्तर निघालं कॅन्टिलिव्हर पुलाचं. घराचा सज्जा एका बाजूनं भिंतीत पक्का असतो आणि दुसऱ्या बाजूला अधांतरी. असे दोन प्रचंड सज्जे दोन काठांवरून एकमेकांकडे झुकवायचे, ते पुढे कलंडू नयेत म्हणून त्यांची मागची टोकं जमिनीत जखडायची आणि मधल्या फटीत तिसरा तुकडा टांगायचा. दोन्ही बाजूंचे हात सुमारे १४३ मीटरचे, मधला तुकडा सुमारे १७२ मीटरचा. एकूण ४५७ मीटर, आणि नदीत खांब एकही नाही. १९३६ साली काम सुरू झालं आणि ३ फेब्रुवारी १९४३ रोजी पूल खुला झाला. पोलाद लागलं २६,५०० टन. मधल्या काळात महायुद्ध पेटलं आणि इंग्लंडमधून यायचं पोलाद तिकडेच वळलं. मग २३,००० टन पोलाद जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यानं दिलं. पुलाच्या सांगाड्यात नट-बोल्ट नाहीत. सगळे जोड रिव्हेटचे, म्हणजे लालभडक तापवलेली खिळी भोकात घालून तिचं टोक ठोकून चपटं केलेलं. थंड होताना खिळी आकसते आणि दोन्ही पत्रे आवळून धरते.

पोलाद तापलं की प्रसरण पावतं. पहाट आणि दुपार यांच्या तापमानात २० अंशांचा फरक धरला तर ४५७ मीटर पोलादाची लांबी सुमारे ११ सेंटिमीटरनं वाढते. तेवढी जागा सोडलेले सांधे पुलात आहेत. सोडली नसती तर पुलानं ती स्वतःच करून घेतली असती.

या पुलाचा मला सर्वांत आवडणारा भाग मात्र कुणालाच दिसत नाही, कारण तो जमिनीखाली आहे. मनोऱ्यांच्या पायासाठी काठावर अवाढव्य पेट्या उतरवल्या. सर्वांत मोठी पेटी सुमारे ५५ मीटर लांब आणि २५ मीटर रुंद, आणि तिच्यात २१ कप्पे. कप्प्यांतून खालची माती उपसायची, की पेटी स्वतःच्या वजनानं थोडी खाली बसते. पुन्हा उपसायची, पुन्हा बसते. आपल्याकडे विहिरीचं कडं उतरवायची जुनी पद्धत होती, तीच ही, पण राक्षसी मापाची. एका रात्री उपसा चालू असताना खालची जमीन अचानक सरकली आणि अख्खी पेटी दोन फूट धाडकन खाली गेली. खिदिरपूरच्या भूकंपमापकानं त्याची भूकंप म्हणून नोंद केली. काठावरचं एक देऊळही पडलं, ते नंतर पुन्हा बांधून दिलं. उपसलेल्या मातीत जहाजांचे नांगर, तोफा, तोफगोळे, पितळी भांडी आणि कंपनी सरकारची नाणी सापडली. गाळ सगळं जपून ठेवतो, फक्त परत द्यायला खळखळ करतो.

भूकंपमापकाला हलवणाऱ्या त्या पुलाला पुढे पानाच्या पिचकाऱ्यांनी जेरीस आणलं. पुलाचा रस्ता वरून लोंबणाऱ्या पोलादी दांड्यांना टांगलेला आहे. दांड्यांची खालची टोकं पादचारी मार्गाला लागून असल्यामुळे थुंकणाऱ्यांना ती अगदी सोयीची. चुना, कात आणि लाळ यांच्या सततच्या माऱ्यानं तिथली पोलादी आवरणं २००७ ते २०११ या काळात ६ मिलिमीटरवरून ३ मिलिमीटरवर आल्याचं तपासणीत आढळलं. आता त्यांना फायबरग्लासचे अंगरखे घातलेत. त्यावरही पिचकाऱ्या आहेतच.

दक्षिणेला दिसतो तो विद्यासागर सेतू १९९२चा. तंत्र पूर्ण वेगळं, दोन मनोऱ्यांवरून पंख्यासारख्या पसरलेल्या १२१ तारा. पण दोन मनोऱ्यांमधलं अंतर मोजलं तर तेही ४५७ मीटर. पन्नास वर्षांनंतरही नदीत पाय ठेवायची कुणाची तयारी नव्हती.

नदीनं मात्र शहरात पाय पसरले आणि आवरतेही घेतले. डलहौसी चौकातल्या टपाल कचेरीच्या पांढऱ्या घुमटाच्या इमारतीपाशी पायऱ्यांवर आणि फरसबंदीत एक पितळी पट्टी बसवलेली आहे. इंग्रजांचा जुना फोर्ट विल्यम, १७५६ मध्ये सिराजउद्दौल्यानं जिंकला तो, इथे उभा होता. त्याच्या एका बुरुजाची ही रेघ. किल्ल्याची पश्चिमेकडची भिंत तेव्हा नदीला लागून होती. आज टपाल कचेरीपासून पाणी दिसतसुद्धा नाही. मध्ये इमारती आहेत, स्ट्रँड रोड आहे, गोदामं आहेत, चक्ररेल्वेचे रूळ आहेत. ही जमीन गाळानं दिली आणि माणसानं तिच्यावर भर घातली.

प्रिन्सेप घाटाचंही तेच. पांढऱ्या खांबांचा हा देखणा मंडप १८४०च्या दशकात अगदी काठावर बांधला, आता तो आणि पाणी यांच्यामधून आगगाडी जाते. लग्नाआधीचे फोटो काढायला इथे जोडप्यांची रांग असते. ज्याच्या नावाचा घाट तो जेम्स प्रिन्सेप टांकसाळीत धातू पारखणारा. भट्टीचं तापमान मोजायला त्यानं सोनं, चांदी आणि प्लॅटिनम यांचे वेगवेगळ्या प्रमाणातले मिश्रधातू वापरले. कोणता तुकडा वितळला आणि कोणता टिकला यावरून उष्णता किती ते ठरवायचं. याच माणसानं १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली. नाणेघाटातला सातवाहनांचा लेख किंवा कार्ल्याच्या लेण्यातली दानपत्रं आज वाचता येतात त्यामागे कोलकात्याच्या टांकसाळीतला हा गृहस्थ आहे.

मराठी माणसाशी या काठाचा दुसरा संबंध इतका गोड नाही. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांबरोबर बंगालात उतरल्या आणि घाबरलेल्या कोलकात्यानं उत्तरेला बागबाजारपासून खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता. तीन मैल खणून झाले तरी मराठे काही शहरावर आले नाहीत, तेव्हा काम थांबलं. या अर्धवट खंदकाचं नाव ‘मराठा डिच’. नंतर तो बुजवला आणि त्याच्या बऱ्याच भागावरून सर्क्युलर रोड गेला. बंगाली आया मात्र मुलांना झोपवताना अजून ‘बर्गी’ येतील म्हणतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर. हे तिथे ऐकताना जरा अवघडल्यासारखं होतं.

थोडं खाली खिदिरपूरची गोदी, १८९२ची. भरती-ओहोटीच्या नदीत मोठं जहाज काठाला बांधून ठेवणं धोक्याचं, पाणी उतरलं की ते चिखलात टेकतं. म्हणून काठाच्या आत हौद खणून त्याच्या तोंडाशी दुहेरी दरवाजे बसवले. जहाज दोन दरवाज्यांच्या मधल्या कप्प्यात शिरतं, बाहेरचा दरवाजा मिटतो, आतल्या पातळीपर्यंत पाणी चढतं, मग आतला दरवाजा उघडतो. बाहेर नदी काहीही करो, आत पाणी संथ. या जुन्या गोदीचा उंबरा इतका पक्का मानला गेला की हुगळीच्या पाण्याची उंची त्या उंबऱ्यापासून मोजायचा प्रघात पडला.

पण गोदीत शिरण्याआधी जहाजाला २०० किलोमीटर नदी पार करावी लागते आणि उथळ वाळूचे दांडे जागा बदलत असतात. एका दांड्याचं नावच जेम्स अँड मेरी, १६९४ मध्ये तिथे बुडालेल्या जहाजावरून पडलेलं. त्यात ‘बान’. उधाणाची भरती निमुळत्या आणि उथळ पात्रात शिरते तेव्हा काय होतं ते साध्या गणितानं कळतं. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. खोली ९ मीटर असेल तर ताशी ३४ किलोमीटर, १ मीटर असेल तर जेमतेम ११. भरतीचा पुढचा भाग उथळात अडखळतो, मागचा जास्त खोलीवरून धावत येऊन त्याला गाठतो आणि पाण्याची भिंत उभी राहते, कधी दोन मीटरांहून उंच. ही भिंत फुटते ती काठाच्या उथळ पाण्यावर. म्हणून बान यायच्या वेळी नावाडी काठाला बांधलेल्या होड्या सोडून भर पात्रात नेतात. नवख्याला वाटतं, वेडे आहेत का हे? ते नाक वर करून लाटेला सामोरे उभे राहतात, होडी एकदा उचलली जाते, पुन्हा बसते, की झालं.

गाळावरचा सर्वांत मोठा उपाय शहरापासून सुमारे ३०० किलोमीटर वर आहे. फराक्का बंधारा १९७५ मध्ये सुरू झाला. गंगेतून सुमारे ४०,००० क्युसेक, म्हणजे सेकंदाला ११०० घनमीटरांहून जास्त पाणी कालव्यानं हुगळीत सोडायचं आणि गाळ समुद्राकडे ढकलायचा असा हिशेब होता. हुगळीला पाणी मिळालं, शहराच्या नळांतला खारटपणा कमी झाला. बंदर खोल व्हायला हवं होतं तितकं झालं नाही. कपिल भट्टाचार्य हे बंगाली अभियंते आधीपासूनच या योजनेच्या विरोधात लिहीत होते. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला गाळ साचला, माल्द्याचे काठ कोसळत राहिले आणि समुद्रातून गंगेत अलाहाबादपर्यंत चढणारा हिल्सा मासा फराक्क्याच्या दारात अडला. पाणीवाटपाचा बांगलादेशाशी झालेला १९९६चा करार तीस वर्षांचा होता. मोठी जहाजं १९७७ पासून मुखाजवळच्या हल्दिया गोदीत जातात, तिथेही ड्रेजर गाळ उपसतच असतात.

पुलांनी नदीला वरून टाळलं, आता मेट्रोनं खालून टाळलंय. तशी ही पहिली वेळ नाही. विजेच्या केबल नेण्यासाठी १९३१ मध्येच हुगळीखाली एक बोगदा झाला होता. मेट्रोचे दोन बोगदे २०१७ मध्ये खणले, तळाच्या सुमारे १३ मीटर खाली. खडक नाहीच, सगळी ओली माती. अशा जमिनीत यंत्र नुसतं खणत सुटलं तर समोरची माती पाण्यासकट आत कोसळेल. म्हणून खणलेली माती यंत्राच्या तोंडाशीच एका बंद कप्प्यात दाबून धरतात, तिचाच दाब बाहेरच्या मातीला रोखतो, आणि मळसूत्रासारख्या नळीतून ती मोजून मापून मागे सोडतात. गाळ थोपवायला गाळच. नदीखालून काम सुखरूप पार पडलं. गंमत म्हणजे याच मार्गाचं काम २०१९ मध्ये कोरड्या शहराखाली, बौबाजारात अडकलं; जमिनीतलं पाणी बोगद्यात फुटलं आणि वरची घरं खचली.

मार्च २०२४ पासून गाडी धावतेय. नदीखालचे ५२० मीटर पार करायला ४५ सेकंद लागतात. खिडकीबाहेर सगळीकडे सारखाच काळोख, म्हणून तेवढ्या पट्ट्यात बोगद्याच्या भिंतीवर निळे दिवे लावले आहेत. मी गेलो तेव्हा शेजारच्या मुलीनं निळा उजेड दिसताच आईचा हात ओढून वर बोट दाखवलं. आईनं फोनमधून डोकं काढेपर्यंत दिवे संपले होते.