ओरन्से येथील शिंपल्यांचे ढिगारे

स्कॉटलंडच्या पश्चिमेस इनर हेब्रिडीज द्वीपसमूहातील ओरन्से या लहान बेटावर मध्याश्मयुगाच्या (शेतीपूर्वीच्या, शिकार व अन्नसंकलनाच्या काळाच्या) अखेरच्या टप्प्यातील शिंपल्यांचे पाच ढिगारे आहेत. ओहोटीच्या वेळी हे बेट उत्तरेकडील कॉलन्से बेटाला वाळूच्या पट्ट्याने जोडले जाते. नॉक कोइग, नॉक स्लिगेख, प्रायरी आणि काश्चल नान गिलेन येथील दोन अशी या ढिगाऱ्यांची नावे होत. येथील पहिले उत्खनन १८८० च्या सुमारास सिमिंग्टन ग्रीव्ह यांनी केले. १९७० नंतरच्या दशकात पॉल मेलर्स यांनी पद्धतशीर उत्खनन केले. कार्बन–१४ मापनानुसार ढिगाऱ्यांचा काळ सु. इ. स. पू. ४५०० ते ३८०० मानता येईल.

खडकांना चिकटून राहणाऱ्या लिंपेट या शंखवर्गीय प्राण्याची कवचे ढिगाऱ्यांत सर्वाधिक असून मासे, सील व समुद्रपक्षी यांची हाडेही आढळतात. टोके घासून तिरकस झालेली हाडांची व दगडांची अवजारे लिंपेट काढण्यासाठी होती, की कातडी कमावण्यासाठी, याविषयी मतभेद आहेत. या अवजारांवरून पूर्वी ‘ओबेनियन’ नावाची स्वतंत्र संस्कृती कल्पिली जाई. ती किनाऱ्यावरील विशिष्ट कामांची खूण समजणे आता अधिक ग्राह्य वाटते.

खरा वाद वस्तीच्या स्वरूपाचा, म्हणजे लोक बेटावर वर्षभर राहत की अधूनमधून येत, याविषयी आहे. सेथ या माशाची वाढ पहिल्या वर्षी झपाट्याने होत असल्याने त्याच्या कानातील अश्मांच्या (खड्यांसारख्या कठीण कणांच्या) आकारावरून तो कोणत्या ऋतूत पकडला गेला, हे ठरवता येते. नॉक कोइग येथील अश्म मुख्यतः शरद ऋतूतील, तर प्रायरी येथील हिवाळा ते वसंतारंभ या काळातील ठरल्याने, लोक बेटावरच ऋतुमानानुसार जागा बदलत वर्षभर राहत असावेत, असे मेलर्स यांचे मत होते. नॉक कोइग येथील मानवी अस्थींच्या समस्थानिक विश्लेषणातून (एकाच मूलद्रव्याच्या भिन्न वस्तुमानाच्या अणूंच्या प्रमाणावरून आहार ओळखण्याच्या पद्धतीतून) जवळजवळ सर्व प्रथिने सागरी अन्नातील असल्याचे १९९८ मध्ये दिसून आल्याने या मताला बळ मिळाले. तथापि सागरी आहार शेजारच्या बेटांच्या किनाऱ्यांवरही मिळू शकतो. काश्चल नान गिलेन येथील एका व्यक्तीच्या आहारात भूचर अन्नाचा वाटा मोठा होता, आणि शेजारच्या इस्ले बेटावरील स्टोराकेग येथे जवळपास याच काळातील वस्तीचे अवशेष मिळाले आहेत. त्यामुळे कायम वस्तीपेक्षा शेजारच्या बेटांवरून शतकानुशतके होत राहिलेल्या फेऱ्या मानणे अधिक सावधपणाचे ठरेल.

मानवी अस्थी सुट्या असून त्यांत हातापायांच्या हाडांचे प्रमाण लक्षणीय आहे. नॉक कोइग येथे त्यांतील काही हाडे सीलच्या वल्ह्यासारख्या अवयवांच्या हाडांसोबत आढळली असून, ही मांडणी हेतुपुरस्सर असावी, असे काही अभ्यासक मानतात.